पहिली पायरी जरा उंच

रविवारी सकाळी न्याहारी झाली की थोरला चपला घालायचा आणि त्याची बायको वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायची, "निघालात सवतीकडे?"

सवत म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरचं आरोग्यधाम. थोरल्याने ते ऐन तिशीत बांधलं होतं. पुढे त्याने बँका बांधल्या, शाळा बांधल्या, पैसेवाल्यांचे बंगले बांधले. आर्किटेक्ट म्हणून नाव झालं, पण जीव अडकला तो तिथेच. बायको यावरून रुसायची नाही, पण टोमणा मारल्याशिवाय सोडायचीही नाही. "जगाला इमारती दिल्या आणि आम्हाला हे दार," असं म्हणून ती घराच्या पुढच्या दाराकडे बोट दाखवायची. ते दारही थोरल्यानेच करवून घेतलेलं. एकदा लाकूड फुगलं ते पुन्हा चौकटीत नीट बसलंच नाही. बाहेरून उघडायचं तर आधी दार स्वतःकडे ओढायचं, मग किल्ली फिरवायची आणि शेवटी खाली गुडघ्याचा एक दणका द्यायचा. हे फक्त त्यालाच जमायचं. बायको आपली मागच्या दाराने ये-जा करायची.

आरोग्यधामात एकही पायरी नव्हती. तीन मजल्यांची एवढी मोठी काँक्रीटची इमारत, पण फाटकापासून गच्चीपर्यंत चाकाची खुर्ची कुठेही न अडखळता जाईल, असे रुंद, संथ रॅम्प त्याने सगळीकडून फिरवले होते. आत शिरल्यावर जे मोठं दालन लागायचं, त्याच्या एका बाजूला तिन्ही मजले उंच अशी कोरी भिंत होती. तिच्यावर काही लावायचं नाही, टांगायचं नाही, अशी थोरल्याची सक्त ताकीद होती. दुपारी छताच्या झरोक्यातून ऊन त्या भिंतीवर उतरायचं आणि हळूहळू खाली सरकायचं. हे बघायला दुसऱ्या देशांतून विद्यार्थी यायचे.

यायचे, असंच म्हणायला हवं. कारण आता येणारी गर्दी वेगळी होती.

त्याचं कारण धाकटा. थोरल्याचा हा सख्खा भाऊ आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गटांगळी खाऊन बाहेर पडला आणि नाटका-सिनेमाचे सेट उभारायला लागला. थोरला ताडासारखा उंच, मोजकं बोलणारा. धाकटा बुटका, गोलमटोल, शिक्षण अर्धवट सोडल्याचं काडीचंही दुःख नसलेला. खूप वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका आली होती, 'वर कोण आहे' नावाची. टेकडीवरच्या एका घराची गोष्ट होती. बाहेरून दाखवायला त्यांनी आरोग्यधाम घेतलं आणि आतलं घर मात्र धाकट्याने स्टुडिओत उभं केलं. दालन तंतोतंत थोरल्याचं, फक्त त्या कोऱ्या भिंतीवर धाकट्याने एक जिना चढवला होता. दर भागाच्या शेवटी कुणी ना कुणी तो जिना चढून अंधारात दिसेनासं व्हायचं आणि खालून कुणीतरी विचारायचं, "वर कोण आहे?" उत्तर यायच्या आत पडद्यावर नावं सुरू व्हायची.

मालिका तेव्हा आपटली. अर्ध्यावरच गुंडाळली. थोरल्याने त्या वेळी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून "होतं असं कधी कधी" म्हटलं होतं, आणि म्हणताना त्याला बरं वाटलं होतं. पण पुढे कुणीतरी ते सगळे भाग इंटरनेटवर टाकले आणि तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती पोरं त्यापायी वेडी झाली. टोळ्यांनी टेकडीवर यायला लागली. दालनात उभी राहून फोटो काढायची, मोठ्याने "वर कोण आहे?" म्हणायची आणि मग बाकावर बसलेल्या थोरल्याला, तो कोण हे ठाऊक नसल्याने, विचारायची, "काका, इथला तो जिना काढून टाकला का?"

"जिना नव्हताच कधी."

"असं कसं? आम्ही पाहिलाय ना."

ज्याने इथे पायरी म्हणून बांधली नाही, त्याच्या दारात येऊन लोक पायऱ्या शोधत होते आणि नाही म्हटलं की त्याच्याकडेच संशयाने बघत होते. थोरला आतून जळायचा. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही हे त्याला कळत होतं, पण कळून काय उपयोग! लाकडाच्या चौकटी आणि प्लायचे तुकडे, वरून रंगाचा हात. सहा महिन्यांत मोडून टाकलेला तो जिना लोकांच्या डोक्यात त्याच्या काँक्रीटपेक्षा पक्का बसला होता.

आणि हे दुखणं जुनं होतं. धाकटा जन्मला त्या दिवसापासून आई थोरल्याला 'दादा' म्हणू लागली. धाकटा मात्र तिचा 'चिमण्या' होता, थेट टक्कल पडेपर्यंत. आईचे पाय तरुणपणीच गेले होते. तेव्हाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि ती दिवसच्या दिवस खिडकीत बसून असायची. थोरल्याने बिनपायऱ्यांची इमारत काढली ती तिच्यासाठी. हे त्याने कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नव्हतं, पण खरं ते एवढंच होतं. शेवटची काही वर्षं आई तिथेच राहिली. पहिल्या दिवशी तिला खुर्चीत बसवून तो गच्चीपर्यंत घेऊन गेला होता. आई म्हणाली, "छान बांधलंस हो दादा. फक्त जिथे बघावं तिथे उतार." आणि मालिका सुरू झाली तेव्हा हीच आई सगळ्या परिचारिकांना खोलीत गोळा करून टीव्हीकडे बोट दाखवायची. "चिमण्याचा जिना बघा, काय झोकात उभा आहे."

त्या रविवारी मेट्रन मुद्दाम थोरल्याच्या बाकापाशी आल्या. अनेक वर्षं आरोग्यधाम सांभाळणाऱ्या या बाई सरळ बोलायच्या.

"साहेब, तुमच्या कानावर आलंच असेल. विश्वस्तांच्या मनात या भिंतीवर जिना बांधायचं आहे. मालिकेतला, हुबेहूब. येणारे-जाणारे वाढतील, छताच्या दुरुस्तीचा खर्च निघेल."

"माझ्या संमतीशिवाय इथे खिळाही ठोकता येत नाही. तसा करारच आहे."

"म्हणून तर गुरुवारी संध्याकाळी सभा ठेवलीय. तुमची सही हवीय. काम तुमच्या बंधूंनाच देणार म्हणतात."

मेट्रन भिंतीच्या कडेकडेने रॅम्पकडे निघाल्या. भिंतीच्या मध्याशी आल्या आणि एका जागी त्यांनी साडीच्या निऱ्या चिमटीत धरून पाऊल उंच उचललं, फरशीवर काहीतरी आडवं पडलेलं असावं तसं. मग पुढे नेहमीसारख्या चालत गेल्या.

फरशी सपाट होती. थोरल्याने जाऊन पाहिली.

"मेट्रन, तुम्ही इथे पाय का उचललात?"

"मी? कुठे?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मालिका त्यांनी कधी पाहिलीही नव्हती.

मग थोरला बाकावर बसून नुसता बघत राहिला. जेवणाचे डबे नेणारा माणूस त्या जागी आला आणि वळसा घालून गेला. झाडू मारणारी बाई भिंतीपासून हातभर अंतर सोडून झाडत होती. भिंतीलगत धुळीचा पट्टा साचला होता. चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा तिथवर आले, थांबले आणि मान वर करून बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. दुपार झाली. ऊन भिंतीवर उतरलं, ते नेहमीसारखं सरळ नव्हतं. त्याच्या कडेला करवतीसारखे दाते पडले होते, खालून वर तिरके चढत गेलेले. थोरला उठला आणि त्याने भिंतीवर बोटाने टकटक केली. काँक्रीटवर बोट आपटलं की फक्त बोट दुखतं. इथे आतून आवाज आला, रिकाम्या पेटीसारखा.

तो तडक धाकट्याच्या कारखान्यात गेला.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड होती. दर्शनी बाजूने राजवाड्याच्या भिंती, तुरुंगाचे गज, दगडी कमानी. मागे गेलं की उघड्या पट्ट्या, टेकू आणि खडूने लिहिलेले आकडे. सरसाचा वास नाकात बसायचा. धाकटा एका खांबाला संगमरवराचा रंग देत होता. कानावर सुताराची चपटी पेन्सिल नेहमीप्रमाणे खोचलेली होती.

"ये दादा. वहिनी काय म्हणतेय? दार बसलं का तुमचं?"

"माझ्या भिंतीला काय केलंस तू?"

धाकट्याने ब्रश खाली ठेवला. थोरल्याने सगळं सांगितलं. धाकटा हसेल असं त्याला वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं.

"पाय कसा उचलत होत्या त्या बाई?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याने करून दाखवलं.

"ती माझी चूक होती," धाकटा म्हणाला. "स्टुडिओची जमीन एका अंगाला खचलेली होती, ते माझ्या ध्यानात आलं नाही. पहिली पायरी वीतभर उंच झाली. नट धडपडायचे. नवी करायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्यांना सांगितलं, पहिलं पाऊल जरा उंच टाका. पुढे तीच त्या मालिकेची खूण झाली." त्याने ब्रश चिंधीला पुसला. "विश्वस्तांना मी नाही म्हणून कळवलंय, दादा. तो जिना पुन्हा करायचा नाही मला."

"का? एवढे वेडे झालेत लोक."

"सेटवरचा जिना कुठे जात नसतो. कॅमेऱ्याला दिसतं तेवढाच चढवायचा. वर एक फळी असते, माणूस उभा राहील एवढी. नट वर जातो आणि अंधारात गप उभा राहतो, दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत." धाकटा बोटावरचा रंग खरवडत होता. "शूटिंगच्या शेवटच्या दिवशी आई बसली होती तिथे."

"कोण आई?"

"आपली आई. मागे लागली होती, एकदा जिना चढायचाय म्हणून. मी तिला स्टुडिओत आणलं. सुतारांनी खुर्चीसकट उचलून वर नेऊन ठेवली. अख्खा प्रसंग होईपर्यंत ती वर अंधारात बसून होती. नंतर मी म्हटलं, आई, चल, उतरूया. तर म्हणे, थांब रे जरा, अजून कुणी कट म्हटलं नाही. त्या दिवशी कट म्हणायचं खरंच राहून गेलं होतं. मालिका बंद झाल्याचा फोन आला होता ना, सगळे त्यातच."

"मला कधी बोलला नाहीस."

"तीच म्हणाली, दादाला सांगू नकोस हं. त्याला वाईट वाटेल."

थोरल्याच्या छातीत कुणीतरी निखारा ठेवावा तसं झालं. आई वारली तेव्हाही तो असा पेटला नव्हता. इतक्या वर्षांची ती इमारत, ते रॅम्प, तो हिशेबाने खाली आणलेला उजेड. आणि आईला हव्या होत्या प्लायवुडच्या चार पायऱ्या, त्याही धाकट्याच्या हातच्या. वर त्याची कीव करत दोघांनी मिळून ते लपवलं.

"गुरुवारी मी नाही म्हणून सही करणार आहे," तो म्हणाला. "एक पायरी होऊ देणार नाही तिथे."

"बरंच होईल," धाकटा म्हणाला. "आणि दादा, एकटा जाऊ नकोस भिंतीजवळ."

तो असं म्हणाला म्हणूनच थोरला गुरुवारी एकटा गेला आणि सभेच्या बराच आधी गेला. बाहेर अजून चांगला उजेड होता. रुग्णांची जेवायची वेळ होती; वरून ताटांचा आवाज येत होता. दालनात कुणी नव्हतं.

भिंतीवर जिना होता.

नवा वाटत नव्हता. दगडी रंग दिलेला, कठड्यावर हात फिरून फिरून झिजलेला, असा बेतशीर चढत वरच्या काळोखात गेला होता. छताचा झरोका तिथेच होता, त्यातून उजेडही येत होता, पण जिन्याच्या माथ्यावर तो पोचत नव्हता.

थोरल्याला भीती वाटायला हवी होती. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की जिना भिंतीला शोभतोय. इतकी वर्षं ती भिंत कशाची तरी वाट पाहत होती आणि ते आपल्याला कळलं नव्हतं. पाठोपाठ मत्सराने त्याचं तोंड कडू झालं.

तो पहिल्या पायरीवर पाय ठेवायला गेला तर ठेच लागली. वीतभर उंच होती. पाऊल उंच उचलून तो वर चढला.

पायाखाली लाकूड करकरलं. जसजसा तो वर गेला तसतसा ताटांचा आवाज मागे पडला. सरसाचा वास यायला लागला. आणि त्यात मिसळलेला आणखी एक, आईच्या पायांना चोळायच्या मलमाचा.

जिना संपला. पुढे एक फळी होती, माणूस उभा राहील एवढी. भिंतीची ही बाजू उघडी होती. पट्ट्या, टेकू, खडूने लिहिलेले आकडे. धाकट्याचं अक्षर.

अंधारात त्याच्या गुडघ्याला खुर्चीचं चाक लागलं.

"चिमण्या, आलास का रे?"

थोरला कठडा धरून उभा राहिला. हा आवाज त्याने किती वर्षांत ऐकला नव्हता. 'मी दादा' असं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर पुढे काय झालं असतं हेही त्याला पाठ होतं. 'तू होय. बरं. चिमण्या कुठाय?' आई एवढंच म्हणाली असती. आयुष्यभर तेवढंच म्हणत आली होती.

"हो, आई," तो म्हणाला. "मीच."

एक हात पुढे आला. थंड नव्हता. तो त्याच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून सावकाश फिरला. असा हात त्याच्या तोंडावरून कधी कुणी फिरवला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

"दादाला सांगू नकोस हं," आई म्हणाली. "त्याला वाईट वाटेल."

"नाही सांगत."

"शहाणा माझा."

खालून कुणीतरी हाक मारली. कुणी हौशी पाहुणा असावा, उशिरा आलेला.

"वर कोण आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला.

"कट," कुणीतरी म्हणालं. अगदी जवळून.

तो दालनात उभा होता. समोर भिंत कोरी होती. त्याने बोटाने टकटक केली. काँक्रीट, बोट दुखलं. बाहेर अंधारलं होतं. मेट्रन रॅम्पवरून खाली येत होत्या, भिंतीच्या मध्याशी आल्या आणि सरळ चालत पुढे गेल्या. पाय उचलला नाही.

त्याला बघून त्या थबकल्या. "अरे, तुम्ही पण आलात? सभा तर आटोपली."

"आटोपली? माझ्या सहीशिवाय?"

"तुमची कशाला लागते सही?" त्या हसल्या. "दादासाहेबांची झाली ना. हो म्हणाले. तुमच्या दादांचं मन फार मोठं हो, स्वतःच्या भिंतीवर भावाचा जिना घ्यायचा म्हणजे काय! आत्ताच घरी गेले. जरा लवकर आला असता तर भेट झाली असती."

बाईंना वयोमानाने दिसेनासं झालं असावं, असं त्याने मनाशी ठरवलं. तो टेकडी उतरायला लागला. दोन-तीनदा अडखळला. विजार टाचेखाली येत होती. सकाळी तर बरोबर बसली होती. तो वाकला, खालच्या कडा दुमडून घेतल्या आणि पुढे चालत राहिला.

घरी आल्यावर त्याने किल्लीसाठी खिशात हात घातला. किल्ली नव्हती. हाताला एक चपटी पेन्सिल लागली, सुतारांची असते तशी.

त्याने बेल वाजवली. बेल रोजच्यापेक्षा जरा उंचावर वाटली.

बायकोने आतून दाराशी बरीच झटापट केली, मग दार उघडलं. त्याच्याकडे पाहून तिने पदर सारखा केला. घरात एरवी ती असं कधी करत नसे.

"या, भावोजी," ती म्हणाली. "अचानक इकडे कसे? हे अजून यायचेत. सभा आहे ना आज."

त्याने तोंड उघडलं. काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं, पण तेवढंच नेमकं तो कबूल करून आला होता, न सांगण्याचं.

"बसा ना, उभे का? चेहरा किती उतरलाय. भांडलात का पुन्हा दोघं?" तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. पाहुण्यांसाठीचा, काचेचा. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बोलत नाहीत, पण यांचा तुमच्यावर जीव आहे फार."

तो बसला. त्याची नेहमीची खुर्ची समोर होती. त्या खुर्चीत बसावं असं त्याला का वाटलं नाही, कोण जाणे.

बाहेर पावलं वाजली, लांब टांगांची, संथ. पुढचं दार कुणीतरी आधी स्वतःकडे ओढलं. मग कुलपात किल्ली फिरली. मग खाली गुडघ्याचा एक दणका बसला.

"आले बघा," बायको म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.